यामाशिता पार्कातली आगबोट

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर जुंपली आहे. 'विक्रांत' आणि 'विक्रमादित्य'च्या जोडीला तिसरी विमानवाहू नौका हवी, की त्याच पैशात पाणबुड्या? वाद जुनाच. २०२० साली जनरल बिपिन रावत यांनी पाणबुड्यांच्या बाजूने कौल दिला होता, तेव्हापासून अधूनमधून पेटतो. मी जपानात, म्हणून मला फर्मान सुटलं: "तुझ्या त्या 'यामातो'बद्दल लिही."

यामातो म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जपानची महाकाय युद्धनौका. ती मी कुरे शहरातल्या संग्रहालयात पाहिली, म्हणजे तिची एक दशांश प्रतिकृती. तीच २६ मीटर लांब. मूळ नौका २६३ मीटर, आपल्या विक्रांतपेक्षा जेमतेम मीटरभर जास्त. तोफा ४६ सेंटिमीटरच्या, नऊ. एप्रिल १९४५ मध्ये विमानांचं छत्र नसताना ती ओकिनावाकडे निघाली आणि ७ तारखेला अमेरिकी विमानांनी दोनेक तासांत तिला तळाला घातलं. सुमारे तीन हजार माणसं गेली. प्रतिकृतीपाशी जो तो फोटो काढत होता. मीही काढला.

पण मी राहतो योकोहामात, आणि रविवारी फिरायला जातो ते यामाशिता पार्कात. तिथे धक्क्याला 'हिकावा मारू' उभी असते. १९३० ची आगबोट, सिएटलच्या फेऱ्या करणारी. (मारू हे इथल्या व्यापारी जहाजांच्या नावांमागचं शेपूट, आपल्याकडच्या 'राव'सारखं.) युद्धात ती रुग्णालय-जहाज झाली, सुरुंगांना धडकूनही तगली. तिच्या दोन बहिणी, हिए मारू आणि हेइआन मारू, तगल्या नाहीत. पुण्याहून आलेल्या एका मित्राला ही बोट दाखवली तर म्हणाला, "ही काय बघायची, युद्धनौका दाखव की."

माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. जपान हरला तो मिडवेच्या लढाईत चार विमानवाहू नौका गेल्या म्हणून, हे आपल्याला पाठ असतं. त्याच्या दुप्पट जपानला मारलं ते मारू बुडण्याने. बेटांचा देश, तेल, तांदूळ, बॉक्साइट सगळं समुद्रावरून येणार. युद्धात उतरताना व्यापारी जहाजं साठेक लाख टन होती. त्यांना राखायला स्वतंत्र संरक्षक ताफ्याचं मुख्यालय उभं राहिलं ते नोव्हेंबर १९४३ मध्ये, म्हणजे दोन वर्षं उलटत आल्यावर! आरमाराला निर्णायक लढाईचे डोहाळे लागलेले. तांदळाच्या जहाजामागे पहारा देत फिरणं कमीपणाचं वाटे. तोवर अमेरिकी पाणबुड्या शिरजोर झाल्या होत्या. साठ हजारांवर खलाशी बुडाले. त्यांची आठवण ठेवणारं छोटं संग्रहालय कोबेत आहे. कुरेएवढी गर्दी तिथे होत नाही, हेही ओघानेच आलं. म्हणजे जपानी माणूस शहाणा झाला, असं मी म्हणणार नाही.

मग आपलं काय? आकारमानाने पाहिलं तर आपला सुमारे ९५ टक्के व्यापार समुद्रावरून होतो, आणि त्यातला दहा टक्केही भारतीय जहाजांतून जात नाही. वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर होणार. तिथे लागणारी जहाजं कोणाची, हे कोणी विचारत नाही. तिसरी विमानवाहू की पाणबुड्या, या भांडणात व्यापारी जहाजांना पहारा देणाऱ्या फ्रिगेट, सुरुंग काढणाऱ्या बोटी आणि तेलवाहू जहाजं यांच्या बाजूने बोलायला कोणीच नाही.

हे ग्रुपवर टाकलं, तर एकाने लगेच लिहिलं, "जहाजं काय, भाड्याने मिळतात." मिळतात खरी. युद्धाआधी जपानच्या आयातीचा मोठा हिस्साही परदेशी जहाजांतूनच यायचा. १९४१ मध्ये ती जहाजं यायची थांबली.