घरी पीसी जोडण्याची भीती: एका संदेशाचा प्रतिवाद

आमच्या ठाण्यातील सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर आणि नातेवाइकांच्या गटांवरही एक संदेश पुन्हा पुन्हा येत असतो. पीसीचे सुटे भाग आणून मुलांना घरी जोडू देऊ नका, असे त्यात पालकांना बजावलेले असते. कारणे पाच दिलेली असतात: विजेचा झटका बसतो, आपल्याकडच्या दमट हवेत स्थिर विद्युत साठून भाग जळतात, स्वतः हात लावला की वॉरंटी जाते, पैसे वाचत नाहीत, आणि मशीन सुरू झाले नाही तर कोणी वाली उरत नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू काळजीचा आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु यातील बहुतेक भीती चुकीच्या जागी आहे आणि जिथे खरोखर जपावे लागते, त्या जागेचा संदेशात उल्लेखही नाही.

झटक्यापासून सुरुवात करू. भाग बसवताना मशीनला वीज दिलेलीच नसते. पुढे ती दिली तरी २३० व्होल्टचा दाब एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या भागाच्या, पत्र्याच्या डब्यातच राहतो आणि तिथून बाहेर निघणाऱ्या वायरींमध्ये १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एवढाच दाब असतो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतील वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज शिल्लक राहते. पण जोडणीसाठी तो उघडावा लागतच नाही. मग कॅबिनेटला, म्हणजे पीसीच्या बाहेरच्या पेटीला, हात लावल्यावर झिणझिण्या आल्याचे जे अनुभव लोक सांगतात, ते खोटे आहेत का? नाहीत, फक्त त्यांचे कारण वेगळे आहे. एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट, म्हणजे नको असलेली स्पंदने, गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. घरातील सॉकेटला अर्थिंग नसेल, तर त्यांच्यामुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, येतो. प्रवाह अत्यल्प असला तरी हाताला जाणवतो. जुन्या इमारतींमध्ये सॉकेटचे वरचे मोठे भोक असते, पण त्याच्यामागे अर्थिंगची वायरच नसते, असे पुष्कळदा आढळते. अशा घरात दुकानातून तयार आणलेला पीसीही तसाच झिणझिण्या देईल. त्यावर उपाय इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे हा आहे.

दमट हवेचा मुद्दा तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. स्थिर विद्युत कोरड्या हवेत साठते. हवा दमट असेल तर ती झिरपून जाते. गालिच्यावरून चालताना माणसाच्या अंगावर १० ते २० टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्टपर्यंत दाब साठू शकतो, तर ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत तो १,५०० व्होल्टच्या आसपास राहतो, असे या विषयातील रूढ तक्ते सांगतात. खाडीकाठच्या आपल्या शहरांत, तेही फरशीवर अनवाणी बसून काम करणाऱ्याला, याहून अनुकूल हवा कुठे मिळणार? तरीही निष्काळजीपणा नको, कारण सुमारे ३,००० व्होल्टच्या खालचा स्पर्श माणसाला जाणवत नाही, पण नाजूक चिपला तो बाधू शकतो. प्रत्येक भाग उचलण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा आणि बोर्ड कडेने धरावा, एवढी सवय पुरेशी आहे.

वॉरंटीबाबत संदेशात भाग जोडणे आणि भागाचे नुकसान करणे या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. सुटे भाग विकले जातात तेच जोडण्यासाठी. प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते, आणि इंटेल व एएमडी यांच्या डबाबंद प्रोसेसरवर ती साधारणपणे तीन वर्षांची मिळते. जीएसटीचे बिल आणि डबे जपून ठेवले म्हणजे झाले. वॉरंटी जाते ती आघाताने झालेल्या नुकसानीमुळे, आणि इथे खरोखर जपायला हवे. प्रोसेसर मदरबोर्डवरच्या, म्हणजे सर्व भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य बोर्डावरच्या, सॉकेटमध्ये बसतो. एएमडीच्या २०१६ साली आलेल्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला होत्या. २०२२ च्या एएम५ मध्ये आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये त्या मदरबोर्डवर असतात, केसासारख्या बारीक, आणि प्रोसेसर तिरका पडला तर वाकतात. कोपऱ्यावरील त्रिकोण जुळवून प्रोसेसर अलगद ठेवावा, दाबू नये. दाब देण्याचे काम सॉकेटच्या खटक्याचे आहे.

ज्या चुकीने एकाच वेळी अनेक भाग जळू शकतात, तिच्याबद्दल संदेशात एक शब्दही नाही. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी डब्यापासून सुट्या होतात. त्यांच्या मदरबोर्डकडील टोकाची रचना ठरलेली असते, पण एसएमपीएसकडील टोकाची रचना प्रत्येक उत्पादकाची वेगळी असू शकते, काही वेळा एकाच उत्पादकाच्या दोन मॉडेलांतही. जुन्या एसएमपीएसची वायर नव्यात व्यवस्थित बसते आणि १२ व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात. ज्या एसएमपीएसबरोबर वायर आली, त्यालाच ती लावावी, हा नियम मी नवशिक्यांना सर्वांत आधी सांगतो.

पैशांचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात सर्व भाग एकाच दुकानातून घेतले, तर जोडणी पुष्कळदा फुकट किंवा थोडक्या पैशांत होते. घरी जोडण्याचा लाभ आत काय बसवले आहे ते कळण्यात आहे. माझ्या एका शेजाऱ्यांच्या दुकानात जोडलेल्या पीसीच्या बिलावर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची नावे ठळक होती, पण एसएमपीएससमोर केवळ ‘४५० वॅट’ असे लिहिले होते. कंपनी नाही, मॉडेल नाही. स्वतः भाग निवडणाऱ्याला ही ओळ रिकामी ठेवताच येत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, मशीन सुरू न झाल्याचा. माझ्या भाचीने गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातील घरी आपला पहिला पीसी जोडला, तेव्हा पंखे फिरले पण पडदा काळाच राहिला. डीडीआर५ प्रकारची रॅम (कामचलाऊ स्मृती) असलेला बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करतो आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात, म्हणून आम्ही आधी थांबलो. नंतर तिने मदरबोर्डच्या कडेचे छोटे दिवे पाहिले. हल्लीच्या अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांसाठी असे चार दिवे असतात आणि जिथे अडले तो पेटून राहतो. तिचा ग्राफिक्सचा दिवा पेटलेला होता. कार्डाच्या आठ पिनांच्या वायरीची खिट्टी पूर्ण बसली नव्हती. वीज बंद करून तिने ती टक् आवाज येईपर्यंत दाबली आणि दुसऱ्या प्रयत्नात पडदा उजळला.