सात ग्लास आणि एक हायवे

मंदार दरवर्षी डिसेंबरात क्विन्सीहून येतो आणि जेट लॅग उतरायच्या आत रविवारी सकाळी कट्ट्यावर हजर होतो. एकवीस वर्षं झाली बोस्टनजवळ राहतोय, पण चहा अजून बशीतच ओतून पितो. या खेपेला तो आला तेव्हा अव्या आधीच तापलेला होता. विषय नेहमीचाच, विद्यापीठ चौक. तिथला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, नंतर मेट्रोसकट दुमजली नवा बांधला, आणि अव्याचा त्याबद्दलचा राग दर रविवारी ताजा असतो.

"बांधायचा, पाडायचा, परत बांधायचा. हे धंदे फक्त आपल्याकडे."

"आपल्याकडे?" मंदार म्हणाला. "आमच्याकडे अख्खा इंटरस्टेट पाडला आणि शहराच्या पोटात घातला. वर गाड्या चालू ठेवून."

झालं. पुढचे दोन तास आय-९३, म्हणजे बोस्टनमधून जाणारा तो इंटरस्टेट हायवे.

वैजूने नकाशा मागितला. मंदारने मोबाइल काढायच्या ऐवजी कट्ट्यावरचे रिकामे ग्लास ओढले आणि दक्षिणेकडून मांडायला सुरुवात केली. पहिला ग्लास कँटन, हायवे इथे सुरू होतो. दुसरा ब्रेनट्री. तिसरा क्विन्सी, म्हणजे आमचे साहेब. चौथा डॉर्चेस्टर, तिथे रस्त्याकडेला गॅसची भलीमोठी टाकी आहे, तिच्यावर इंद्रधनुष्याचे फटकारे. त्याच्यापुढे बोस्टन, तो पाचवा ग्लास आडवा ठेवला, कारण तो बोगदा. सहावा सॉमरव्हिल-मेडफर्ड, सातवा वोबर्न. मंदारचं ऑफिस तिथे. त्यापुढे रस्ता न्यू हॅम्पशरमधून जाऊन व्हरमाँटमध्ये सेंट जॉन्सबरीला संपतो. एकूण साधारण ३०५ किलोमीटर. ग्लास संपल्यामुळे व्हरमाँटला अव्याची किल्ली ठेवली.

"आणि हे बघ," मंदार पहिल्या दोन ग्लासांमध्ये बोट फिरवत म्हणाला, "कँटन ते ब्रेनट्री तू जातोस पूर्वेला, थोडा दक्षिणेलाच, आणि पाटी म्हणते आय-९३ नॉर्थ."

"का?" वैजू.

"असंच."

असंच नाही. का ते मला माहीत होतं, पण मी थांबलो. मंदारला बोलताना मध्येच तोडलं की तो पहिल्यापासून सुरू करतो.

तर पाचवा ग्लास. बोस्टनच्या मध्यातून जाणारा जुना उन्नत रस्ता, सेंट्रल आर्टरी. कामाला १९५१ च्या सुमाराला सुरुवात झाली आणि १९५९ मध्ये पूर्ण झाला. इंटरस्टेटचा मोठा कायदा १९५६ चा, म्हणजे हा रस्ता त्याच्याही आधी आखलेला. आकार तेव्हाच्या अंदाजाचा, दिवसाला ७५,००० गाड्या. नव्वदच्या दशकात तिथून दोन लाखांच्या आसपास जायला लागल्या. सहा लेन, बिघडलेली गाडी बाजूला घ्यायला जागा नाही, आणि इतक्याशा लांबीत चढायचे-उतरायचे २७ रॅम्प. दिवसातले दहा तास कोंडी. अपघातांचं प्रमाण शहरी इंटरस्टेटच्या देशातल्या सरासरीच्या चौपट.

मी तो रस्ता पाहिलाय. १९९८ मध्ये वायटूकेच्या लाटेत आम्हा चौघांना एका कंपनीने तिकडे पाठवलं होतं. शुक्रवार-शनिवारी हेमार्केटला हातगाड्यांवर भाजी लागायची. शनिवारी संध्याकाळी आवराआवर सुरू झाली की मिरच्या, लिंबं, कोथिंबीर मातीमोल भावात. पिशवी भरून नॉर्थ एंडला कॉफी प्यायला जायचं तर त्या हायवेच्या खालून जावं लागे. वर हिरवा रंग मारलेलं लोखंड, त्याचे पोपडे सुटलेले, आणि सांध्यावरून ट्रक गेला की धडाड-धड. पायाखाली खणलेल्या रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, त्या वेगळ्याच वाजायच्या. एका बाजूला बाजार, पलीकडे इटालियन वस्ती, आणि मध्ये हे धूड. दोन-तीनशे पावलांचं अंतर, पण दुसऱ्या गावाला गेल्यासारखं वाटे.

"ती वस्ती आधी अशी तुटलेली नव्हती ना?" वैजूने विचारलं.

नव्हती. रस्त्यासाठी सुमारे वीस हजार माणसं हलवली. नॉर्थ एंड आणि पाण्याकडचा भाग शहरापासून तुटला, चायनाटाउनचा लचका गेला. इतकी ओरड झाली की दक्षिणेकडचा शेवटचा तुकडा त्यांनी तेव्हाच जमिनीखाली नेला, ड्यूई स्क्वेअरचा बोगदा. म्हणजे वरून न्यायचा निर्णय चुकला हे रस्ता पूर्ण व्हायच्या आधीच कळलं होतं.

"मग बिग डिग, म्हणजे तो रस्ता जमिनीखाली न्यायचं काम," मंदार छाती काढून म्हणाला, जणू फावडं यानेच मारलं होतं. "फ्रेड साल्वुची. राज्याचा वाहतूक सचिव. एमआयटीचा सिव्हिल इंजिनिअर, पण त्याच्या आजीचं ब्राइटनमधलं घर टर्नपाइकखाली, म्हणजे टोलच्या हायवेखाली, गेलेलं. त्याचा हट्ट एकच, या खेपेला कुणाच्या घराला हात लावायचा नाही. जुन्या रस्त्याच्या बरोब्बर खालीच बोगदा."

"पैसे?" अव्या.

"केंद्राचे. अध्यक्ष रेगनने १९८७ मध्ये त्या विधेयकाला व्हेटो मारला होता. सिनेटने तो ६७ विरुद्ध ३३ ने मोडला. दोन तृतीयांशाला नेमकी ६७ च लागतात. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर तो पूल अजून तिथेच असता."

इथे अव्या सरसावून बसला. तीस वर्षं काँक्रीटमध्ये घालवलेला माणूस. त्याला राजकारण सांगा, जांभई देतो. डी-वॉल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेली काँक्रीटची भिंत म्हणा, ग्लास खाली ठेवतो. बिग डिगबद्दल तो मंदारपेक्षा जास्त वाचून होता.

"काम काय केलंय ते तुला माहीत नाही, मंद्या. तू नुसती गाडी चालवतोस. बोस्टनची ती जागा म्हणजे समुद्रात भर घालून केलेली जमीन. खणलं की पाणी. आधी अरुंद चर खणायचा, तो उभा राहावा म्हणून बेंटोनाइट मातीचं गाळासारखं पाणी भरून ठेवायचं, त्यात लोखंडी गर्डर सोडायचे, आणि मग तळापासून काँक्रीट भरत वर यायचं. बेंटोनाइट आपोआप वर ढकललं जातं. अशा दोन भिंती झाल्या की वरच्या जुन्या हायवेचं ओझं त्या भिंतींवर घ्यायचं, त्याचे जुने पाय कापायचे, आणि मधली माती काढायची. वर दोन लाख गाड्या! खाली रेड लाइन मेट्रोच्याही तळातून जायचं आणि पुढे ब्लू लाइनच्या डोक्यावरून. मी मानतो. सलाम."

"मग भांडतोस कशाला?" मंदार.

"कारण २.८ अब्जाचं एस्टिमेट दिलंत आणि १४.८ अब्जाला काम संपवलंत. व्याज धरून २४ अब्ज."

"२.८ हे १९८२ च्या डॉलरमध्ये होतं. महागाई धर. आणि तो सगळा साडेसात मैलांचा हिशेब, विमानतळाचा टेड विल्यम्स बोगदा, झाकिम पूल सगळं धरून. मधला बोगदा फक्त दीड मैल."

"धरली महागाई. तरी पाचपट होत नाही."

मंदार गप्प. मुद्दा बरोबर होता. अव्याने पुढचे दोन खिळेही लगेच ठोकले. सप्टेंबर २००४ मध्ये भिंतीचं एक पॅनेल सदोष निघालं आणि भर ट्रॅफिकमध्ये बोगद्यात पाण्याचा लोंढा आला. मग शोधलं तर गळती ठिकठिकाणी. आणि १० जुलै २००६. आय-९३ वर नव्हे, विमानतळाकडे जाणाऱ्या जोडबोगद्यात. छताचे काँक्रीटचे पॅनेल सुटून एका मोटारीवर पडले, आत बसलेली बाई गेली. पॅनेल वर टांगलेले होते बोल्टांवर, आणि बोल्ट छतात बसवलेले इपॉक्सीने.

"लवकर सेट होणारं इपॉक्सी," अव्या हळू आवाजात म्हणाला. "टेस्टला ते पास होतं, कारण टेस्ट दोन मिनिटांची. पण सतत लटकलेलं वजन असलं की ते महिन्यामहिन्याने सरकतं, च्युइंगगमसारखं. चौकशीत हेच निघालं. एवढा खर्च, आणि माणूस गेला बोल्टाच्या गोंदाने."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. बाळूने न सांगता दुसरी फेरी आणली, त्यामुळे नकाशाला आता जास्तीचे ग्लास मिळाले. वातावरण हलकं करायला मंदारने झाकिम पुलाचे हत्ती काढले. चार्ल्स नदीवरचा तो केबलांचा पूल उघडायच्या आधी, ऑक्टोबर २००२ मध्ये, त्यावरून सर्कशीचे चौदा हत्ती चालवले होते. अव्या म्हणाला, ट्रकच्या मानाने हत्ती म्हणजे काहीच नाही, ती नुसती जाहिरात. पण हसला.

वैजूचा मुद्दा वेगळाच होता. तिची मुलगी तिथल्या टफ्ट्स विद्यापीठात होती, त्यामुळे मेडफर्ड तिला पाठ. "तुम्ही दोघं सारखे गाड्यांचंच बोलताय. एवढं खणलंत तर नॉर्थ स्टेशन आणि साउथ स्टेशन जोडली का नाहीत? उत्तरेकडची लोकल एका ठिकाणी थांबते, दक्षिणेकडची दुसऱ्या. मधे जेमतेम मैलाचं अंतर. सामान घेऊन आम्ही ऑरेंज लाइन, मग रेड लाइन. म्हणजे दादरला उतरून परळला जाऊन गाडी बदलायची."

साल्वुचीला रेल्वेचा बोगदाही हवा होता, हे मंदारने कबूल केलं. पैशांसाठी तो वगळला.

"आणि वचनं? रस्ता वाढणार तर हवा बिघडणार, म्हणून ट्रेनची कामं करू असं १९९० मध्ये लिहून दिलं होतं. त्यातली ग्रीन लाइन मेडफर्डला पोचली डिसेंबर २०२२ मध्ये. बोगदा २००३ ला उघडला. माझी पोरगी शिकून निघून गेली, मग ट्रेन आली. वर त्या कामांच्या कर्जाचा बोजा ट्रेन-बस चालवणाऱ्या एमबीटीएच्या माथी."

यावर मंदारकडे उत्तर नव्हतं. त्याने ग्रीनवेचं सांगितलं. जिथे लोखंड होतं तिथे २००८ पासून बाग आहे, कारंज्यात पोरं भिजतात, नॉर्थ एंडला आता उन्हात चालत जाता येतं. खरंच आहे ते. मी नंतर एकदा गेलो होतो आणि हेमार्केटपाशी उभं राहून आपण कुठून जायचो ते मला सापडेना.

पण माझं म्हणणं तिघांपेक्षा वेगळं आहे, आणि इतका वेळ गप्प होतो तो त्यासाठीच. मी पहिला ग्लास उचलला. कँटन.

"मंद्या, आय-९५ फ्लोरिडापासून मेनपर्यंत जातो. किनाऱ्यावरची सगळी मोठी शहरं घेतो. बोस्टन का घेत नाही?"

"घेत नाही? १२८ नंबरच्या रस्त्यावरून शहराबाहेरून वळसा घालून जातो की."

"तेच. वळसा का? कँटनला आय-९५ उत्तरेला जाताना तुला सरळ न जाता रॅम्पवरून उतरावं का लागतं?"

कारण सरळ पुढे रस्ता व्हायचा होता आणि झाला नाही. आय-९५ रॉक्सबरी, जमैका प्लेनमधून थेट शहरात घुसणार होता. त्याला जोडून शहराभोवती इनर बेल्ट, आय-६९५, केंब्रिज आणि सॉमरव्हिलची घरं चिरत. रॉक्सबरीकडची घरं पाडूनही झाली होती. तिथल्या लोकांनी रेल्वेच्या भरावावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आय-९५ थांबवा, आधी माणसं, मग हायवे. जानेवारी १९६९ मध्ये स्टेट हाउसवर, म्हणजे राज्याच्या विधानभवनावर, मोर्चा गेला. काळे, गोरे, केंब्रिजचे प्राध्यापक, कामगार, सगळे एकत्र. फेब्रुवारी १९७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट टीव्हीवर आला आणि त्याने १२८ च्या आतल्या नव्या हायवेंची कामं थांबवली. गंमत म्हणजे हाच माणूस आधी राज्याच्या बांधकाम खात्याचा प्रमुख होता.

शहरातून जाणारा आय-९५ रद्द झाला, म्हणून तो १२८ वर ढकलला, आणि आय-९३ ला दक्षिणेकडे ओढून कँटनला आणून जोडला. म्हणून मंदार पूर्वेला जातो आणि पाटी नॉर्थ म्हणते. १९७३ च्या कायद्याने हायवेचे पैसे ट्रेनला वापरायची मुभा मिळाली, आणि पाडलेल्या पट्ट्यातून १९८७ मध्ये ऑरेंज लाइन आणि बाग गेली. त्या बदल्यात वॉशिंग्टन स्ट्रीटवरची जुनी उन्नत लाइन काढली, आणि रॉक्सबरीतल्या ज्यांना ती दारात होती त्यांच्या वाट्याला बस आली. म्हणजे तिथेही सगळं गोड नाही.

"बिग डिगवर सगळे वाद घालतात, कारण तो दिसतो," मी म्हणालो. "माझ्या मते त्या शहराने केलेलं सगळ्यात मोठं रस्त्याचं काम म्हणजे न केलेला रस्ता. ते झाले असते तर आज तीन बिग डिग लागले असते."

"न केलेल्या कामाचं बिल कसं काढायचं?" अव्या म्हणाला. कंत्राटदाराला दुसरं काय सुचणार.

मंदारला मात्र हे पटलं नाही. त्याच्या मते नुसतं 'नको' म्हणून शहर चालत नाही, असलेलं दुरुस्त करण्यात खरी हुशारी. त्याने मेडफर्डचे पूल पुढे केले. २०१० मध्ये तिथे आय-९३ च्या पुलाला भोक पडलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात दहा शनिवार-रविवारांत चौदा पुलांचे वरचे भाग बदलले. शुक्रवारी रात्री बंद, सोमवारी पहाटे चालू. यावर अव्याने विनाशर्त टाळी दिली.

"आणि आमच्या क्विन्सीकडे झिपर लेन आहे," मंदारला आता चेव आला. "पिवळं मशीन येतं, काँक्रीटचे ठोकळे पोटात घेतं आणि एक लेन बाजूला टाकतं. सकाळी बोस्टनकडे जास्त लेन, संध्याकाळी घराकडे. १९९५ पासून."

वैजू सातव्या ग्लासाकडे बघत होती. "तू राहतोस तिसऱ्यात, ऑफिस सातव्यात. म्हणजे रोज झिपर, बोगदा, झाकिम, ते चौदा पूल, सगळंच."

"सगळंच."

"किती वेळ लागतो?"

मंदारने बशीतला चहा संपवला. "बोगद्यात अडकत नाही. बोगदा मोकळा असतो."

"आणि बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे?"

"...सव्वा तास. पाऊस असला तर दीड."

"स्वारगेट ते हिंजवडी," अव्या म्हणाला आणि व्हरमाँटवरची किल्ली उचलून खिशात टाकली.