‘फोटॉन आदळतात, विवर्तन होत नाही’: हा दावा कुठे चुकतो

रेणूसारखे कणही तरंगासारखे वागतात; मोठ्या रेणूंच्या अशा द्रव्यतरंगांबद्दल एक दावा बराच फिरतो: ‘लेसरने विवर्तन (तरंगाचं वळून पसरणं) होत नाही, फोटॉन आदळून रेणू विखुरतात, तरंगलांबी रेणूपेक्षा लहान, मग तरंग कसला, आणि पट्टे म्हणजे जाळ्यांच्या (समान अंतरावरच्या बारीक फटींच्या) सावल्या.’

आधी धक्क्यांचं बघू. व्हिएन्ना विद्यापीठात 2001 मध्ये सी-60 (साठ कार्बन अणूंच्या) रेणूंचा झोत 514.5 नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरमधून सोडला गेला. आरशावरून परतलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळून स्थिर तरंग बनतो. त्याचे उजळ पट्टे दर 257 नॅनोमीटरवर येतात; हीच प्रकाशाची जाळी. इथे रेणूने फोटॉन गिळावा लागत नाही. उजेडात त्याचा इलेक्ट्रॉन-ढग ताणला जातो, ऊर्जा किंचित उतरते आणि द्रव्यतरंगाची कला (तरंग चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) जागोजागी कमीजास्त सरकते. संवेगाची देवघेव दोन-दोन फोटॉनांच्या हिशेबात होते. वेग सेकंदाला 120 मीटर धरा: तरंगलांबी 4.6 पिकोमीटर येते आणि एक मीटर पुढे, रेणू जिथे दाट पडतात ती शेजारची शिखरं 18 मायक्रोमीटर अंतरावर पडतात. एक फोटॉन खरोखर शोषला गेला, तर रेणू 9 मायक्रोमीटर सरकून नेमका दोन शिखरांमधल्या दरीत पडतो. म्हणजे शोषणाने पट्टे बनत नाहीत, बुजतात.

आरसा तिरका बसला तरी तेच होतं. रेणूंच्या वाटेवर लेसरची जाडी 20 मायक्रोमीटर आणि पट्ट्यांचं अंतर 266 नॅनोमीटर असेल, तर पाऊण अंशाच्या तिरकेपणाने रेणू एक पूर्ण पट्टा ओलांडतो आणि परिणाम जवळजवळ शून्यावर येतो.

तरंगलांबी रेणूपेक्षा लहान असते, हे खरंच आहे. पण तो तरंग रेणूच्या वस्तुमानकेंद्राचा असतो, त्यामुळे रेणूच्या आकाराची आडकाठी येत नाही. 2019 मध्ये व्हिएन्नातच 25,000 डाल्टनहून (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वस्तुमान) जड रेणूंचं व्यतिकरण, म्हणजे तरंग एकमेकांत मिसळून पट्टे बनणं, दिसलं, तेव्हा तरंगलांबी 53 फेम्टोमीटरपर्यंत खाली आली होती. किंमत मोजावी लागते ती लांबीत. जाळीच्या अंतराचा वर्ग भागिले तरंगलांबी, हे टॅल्बॉट अंतर (इतक्या अंतरावर जाळीची नक्षी पुन्हा उमटते) 266 नॅनोमीटरच्या जाळीला सुमारे 1.3 मीटर भरतं. ते यंत्र 2 मीटर लांब आहे ते यामुळेच.

सावलीची शंका मात्र रास्त आहे. तीन जाळ्यांच्या यंत्रात साध्या गोळ्यांनीही पट्टे उमटू शकतात, म्हणून नुसते पट्टे दाखवून भागत नाही. मधली जाळी प्रकाशाची असली की लेसरची शक्ती हळूहळू वाढवून पट्ट्यांचा उठाव मोजता येतो. अभिजात (रेणू म्हणजे गोळी) आणि पुंज (रेणू म्हणजे तरंग) गणितांचे आलेख इथे स्पष्टपणे वेगळे होतात, आणि 2007 पासूनची मोजमापं पुंज आलेखावर बसतात. घन जाळीत फटीच्या भिंती रेणूला ओढून हा फरक गढूळ करतात. प्रकाशाच्या जाळीला भिंतच नसते.