अलाइनमेंट झालं, म्हणजे पार्ट सरळ झाले का?

नमस्कार दादा,

कोल्हापुरात कावळा नाक्याजवळ तुमच्या गाडीचं डावं चाक फुटपाथच्या कडेवर आदळलं, अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) केल्यावर स्टिअरिंग सरळ झालं, आणि मी लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) आणि शॉकअप (धक्के शोषणारा भाग) यांचं नाव घेऊन लोकांना उगाच घाबरवतो, असं तुम्ही लिहिलंत. गरज नसताना पार्ट बदलायला लावणारी गॅरेजं आहेत, हे मलाही मान्य. पण स्टिअरिंग सरळ झालं एवढ्यावरून आतलं सगळं सरळ आहे असं धरता येत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) सेट होतो, तोही टाय रॉडचे (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) आटे फिरवून. रॉड वाकलेला असला तरी आटे फिरवून लांबी जुळते, स्क्रीनवर आकडा हिरवा होतो आणि वाकलेला रॉड तसाच राहतो. म्हणून अलाइनमेंट करायच्या आधीचं मशीनचं रीडिंग मागून घ्या. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये (समोरून बघताना चाक किती कललंय त्या कोनात) अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल, तर आर्म, नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) किंवा शॉकअप तपासायलाच हवा. धक्क्याने चाक मागे सरकलं असेल, तर त्या बाजूचा कॅस्टर (बाजूने बघताना चाक वळायचा अक्ष किती मागे कललाय तो कोन) कमी होतो आणि गाडी सपाट रस्त्यावरही डावीकडे ओढते. चाक मागे सरकलंय का ते घरीही कळतं: स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. बोटभर फरक आला तर गाडी पुढे चालवू नका.

मात्र टायरमुळेही गाडी ओढते. पुढची दोन टायर अदलाबदल करा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर खर्च टायरचा आहे, आर्मचा नाही.

‘उद्यमनगरात आर्म गरम करून सरळ करून मिळतो’ हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. तिथल्या कारागिरांचा हात मी मानतो, पण इथे प्रश्न धातूचा आहे. वाकवून परत सरळ केलेल्या, वर तापवलेल्या पोलादाची मूळ ताकद राहत नाही, पुढे तिथेच तडा जातो. फौंड्रीच्या या गावात हे सांगणारे जाणकार शेकड्याने भेटतील. करूळ घाट उतरताना आर्म तुटला तर चाक वळवणं आपल्या हातात राहत नाही. असा आर्म बदलायचाच.

आधीचं रीडिंग जपून ठेवलं असेल तर त्यातले आकडे इथेच लिहा, मी बघतो. आणि आजच डाव्या टायरची आतली बाजू हात फिरवून तपासा. फुगा लागला तर आतले धागे तुटलेत. ते टायर दुरुस्त होत नाही, लगेच बदला.