पाखाडी सुटली की माणूस खचतो

आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय: 'सत्तरीनंतर उदास राहणं वयाचाच भाग. गावच्या मोकळ्या हवेत डिप्रेशन होत नाही. म्हाताऱ्यांना स्वस्थ बसवा, कामाला हात लावू देऊ नका. मनाच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत.' चाकरमान्यांनी त्याला भरभरून हात जोडलेत. मला यातलं काहीच पटत नाही.

नैराश्य हा आजार आहे, वयाचा टप्पा नव्हे. बहुतेक वृद्धांना तो होत नाही. ज्यांना होतो ते क्वचितच 'मी उदास आहे' म्हणतात. अंग दुखतं, तोंडाला चव नाही, पहाटे तीनला जाग येते, एवढंच सांगतात. असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवावं. थायरॉईड किंवा बी-१२ची कमतरताही असू शकते.

मोकळी हवा बेड्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेर, पडता येणाऱ्याला. पाखाडी म्हणजे वाडीतली जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. त्या पायऱ्या गुडघ्याला झेपेनाशा झाल्या की देऊळ सुटतं, दुकान सुटतं, एसटीचा थांबा सुटतो. पावसात शेवाळ धरलं की चार महिने पडवी हेच जग. मुलं येणार गणपतीला आणि शिमग्याला.

स्वस्थ बसवण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो आम्ही पाळला. आत्या पडली, तेव्हा विळी, केरसुणी, सगळं तिच्या हातून काढून घेतलं. आम्हाला ती सेवा वाटली. तीन महिन्यांत तिने केस विंचरणंही सोडलं. न हलल्याने पायातलं बळ जातं, बळ गेलं की मन बसतं, आणि मन बसलं की माणूस उठतच नाही. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन, व्यायाम आणि गोळ्या, तिन्ही लागलं. यंदा तिने खुर्चीत बसून आमसुलांना रसाची पुटं दिली.

गोळ्यांचं म्हणाल तर नैराश्यावरच्या गोळ्यांचं झोपेच्या गोळ्यांसारखं व्यसन लागत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फुकट बोलता येतं.

सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ मध्ये रोजच्या जगण्याचं मोजमाप मांडलं, त्यात अंघोळ, कपडे, उठबस, खाणं अशा साध्या गोष्टी होत्या. मुंबईहून फोन करताना 'जेवलीस का?' एवढ्यावर थांबू नका. अंघोळीचं पाणी कोणी काढलं, तेही विचारा.