‘गरिबाला कार्ड आहेच की!’ सिव्हिलवरच्या त्या मेसेजला उत्तर

‘सिव्हिल एखाद्या चांगल्या खासगी ग्रुपला देऊन टाका. स्वच्छता येईल, डॉक्टर वेळेवर येतील, सरकारचा पैसा वाचेल. आणि गरिबाला कार्ड आहेच की!’ गेल्या आठवड्यात आपल्या सोलापूरच्या सिव्हिलबद्दल, म्हणजे सरकारी रुग्णालयाबद्दल, हा मेसेज मला गल्लीच्या, नोकरीतल्या आणि भाचीच्या लग्नाच्या अशा तीन ग्रुपवर आला. लिहिणारा सिव्हिलच्या रांगेत कधीतरी ताटकळलेला असणार, त्याची चीड खरी वाटते. उपाय मात्र पटत नाही.

आधी कार्डाचं बोलू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, कबूल. पण तो पॅकेजचा, म्हणजे ठरलेल्या उपचारांचा हिशेब आहे. अँजिओप्लास्टी बसते, डायलिसिस बसतं. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईचा महिनाभराचा खोकला, तिच्या बीपीच्या गोळ्या, पोराचा ताप, नातवाला कुत्रं चावल्यावरची इंजेक्शनं यात कुठे बसतात? त्यासाठी ती सिव्हिलचा केसपेपर काढते. त्या दिवशीच्या विड्या बुडतात, पण दागिना गहाण पडत नाही. शिवाय योजनेतले काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. सरकारी रुग्णालयच राहिलं नाही तर ते कार्ड दाखवायचं कुणाला? 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, बाळंतपण सोडून, एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारीत सुमारे 4,450 रुपये होता, खासगीत सुमारे 31,850.

‘सरकारचा पैसा वाचेल.’ जागा सरकारची, इमारत सरकारची, पेशंट आयते, आणि कार्डाचे पैसेही पुन्हा सरकारच भरणार. यात वाचलं काय? नीती आयोगाच्या 2020 च्या सुमारास चर्चेत आलेल्या मसुद्यात जिल्हा रुग्णालयं 60 वर्षांसाठी द्यायची कल्पना होती, त्यातल्या काही खाटा बाजारभावाने. साठ वर्षं! रायचूर तर आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. तिथलं सरकारी सुपरस्पेशालिटी रुग्णालय असंच एका नामांकित खासगी समूहाला चालवायला दिलं होतं. 2012 मध्ये कर्नाटक सरकारला ते परत ताब्यात घ्यावं लागलं.

‘108 खासगीच चालवतात, चालतेच ना?’ असं एकाने त्याच मेसेजखाली विचारलंय. चालते, बरोबर आहे. पण तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. ठेकेदाराला सरकार देतं. गाडी चालवायला देणं वेगळं आणि घराच्या किल्ल्या देणं वेगळं.

स्वच्छतेवर वाद नाही. डॉक्टरांचं म्हणाल तर रिकाम्या जागा भरायच्या कुणी? सरकारनेच. ज्याला भरती जमत नाही, त्याला साठ वर्षांचा करार सांभाळणं कसं जमेल, हे मला तरी कळत नाही. ‘औषध नाही, बाहेरून आणा’ या तक्रारीचंही तसंच. सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी 2017 मध्ये हाफकिन या सरकारी कंपनीकडे गेली, तिथून ओरड झाल्यावर 2023 मध्ये वेगळं प्राधिकरण करायचा कायदा झाला. म्हणजे खोट मुंबईतल्या खरेदीत, आणि शिव्या खातोय इथला फार्मासिस्ट.

तेव्हा पुढच्या वेळी ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी हातात पडली, की तिची झेरॉक्स जोडून आधी अधिष्ठात्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ग्रुपवर ती पोच टाका.