सगळ्या कॉलमना इंडेक्स लावू नका

कोल्हापुरातल्या डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सअॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'टेबलच्या सगळ्या कॉलमना इंडेक्स लावा, सॉफ्टवेअर पळायला लागतं.' कृपया असं करू नका.

इंडेक्स म्हणजे डेटाबेसच्या टेबलमधल्या कॉलमची, पुस्तकामागच्या सूचीसारखी लावलेली यादी. तिच्यानं शोध वेगात होतो, हे खरं. पण नवी नोंद पडली की ती प्रत्येक इंडेक्समध्येही भरावी लागते. मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू असताना पावत्या भराभर पडतात. तिथं बिनकामाचे दहा इंडेक्स म्हणजे दर पावतीमागं दहा जादा कामं.

आणि इंडेक्स आहे म्हणून तो वापरला जाईलच असंही नाही. हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. पावतीच्या तारखेवर इंडेक्स आहे, पण अट लिहिली 'इयर(तारीख) = २०२४', म्हणजे तारखेतून वर्ष काढून तपासलं, तर साधा इंडेक्स बाजूला पडतो आणि अख्खं टेबल वाचलं जातं. त्याऐवजी '१ जानेवारी २०२४ पासून, १ जानेवारी २०२५ च्या आधी' अशी अट घाला. 'शेतकरी, तारीख' असा दोन कॉलमचा जोड इंडेक्सही आधी शेतकऱ्यानुसार लावलेला असतो, म्हणून नुसत्या तारखेच्या शोधाला सहसा कामी येत नाही.

आधी क्वेरीपुढं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नापुढं, 'एक्सप्लेन' लिहून तो शोध कसा घेतो ते बघा, मगच इंडेक्स ठरवा. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर फॉरेन कीच्या, म्हणजे दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीकडं बोट दाखवणाऱ्या, कॉलमला इंडेक्स आपोआप मिळत नाही. जॉइनला, म्हणजे दोन टेबलं जोडून वाचायला, लागत असेल तिथं मात्र आठवणीनं लावा.